घर गुरुवारी बघावं : पुण्यात राहायला येण्याआधीचा आठवडा

पुण्यात नोकरी लागली की माणूस पहिलं काम करतो ते म्हणजे मोबाईलवर नकाशा उघडून ऑफिसभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढतो आणि त्यात घर शोधायला लागतो. या शहरात ते वर्तुळ फसवं आहे. गावाच्या मधोमध टेकड्या आहेत, मुळा आणि मुठा आहेत, रेल्वे आहे, आणि खडकी, कॅम्प, लोहगाव इथं लष्कराच्या आणि हवाई दलाच्या विस्तीर्ण जागा आहेत. आरपार जाणारे रस्ते त्यामुळे मोजकेच. कोथरूड आणि पाषाण नकाशावर शेजारी दिसतात, पण मध्ये वेताळ टेकडी आडवी पडलेली आहे. गाडीला एक तर चांदणी चौकातून वळसा, नाही तर सेनापती बापट रस्त्यावरून. म्हणून घर ठरवण्याआधी आठवडाभर खोली घेऊन शहर पायाखाली घालणं स्वस्त पडतं. आणि वार बघून फिरायचं, कारण पुण्याचे वार सारखे नसतात.

रविवार

सातारा, कोल्हापूर, कोकण या बाजूची एसटी स्वारगेटला येते. नाशिक आणि मराठवाड्याकडच्या गाड्या शिवाजीनगरच्या, आणि गोंधळ इथेच होतो. हे स्थानक काही वर्षांपूर्वी वाकडेवाडीला हललं. गाडीवर पाटी शिवाजीनगरची असली तरी उतरायला होतं वाकडेवाडीला. उलट निघताना रिक्षावाल्याला नुसतं ‘शिवाजीनगर स्टँड’ सांगितलं तर तो जुन्या जागी नेऊन सोडू शकतो. ‘वाकडेवाडी’ म्हणावं. रेल्वेने येणाऱ्यांना पुणे स्टेशनला लागूनच मेट्रो मिळते. विमानाने येणाऱ्यांना जवळची मेट्रो रामवाडीची, पण तिथपर्यंत बस किंवा रिक्षा करावीच लागते.

आठवड्याची खोली डेक्कन, शिवाजीनगर किंवा नळस्टॉपच्या आसपास घ्यावी. चारही दिशांना जायला हाच भाग सोयीचा. भाडं थोडं जास्त पडेल, ते रिक्षाच्या खर्चात वाचतं.

रविवारची संध्याकाळ जंगली महाराज रस्त्यावर घालवावी. रहदारीला लागून पाताळेश्वर आहे : आठव्या शतकातलं, एका खडकात कोरलेलं लेणं, आणि पुढ्यात नंदीचा गोल मंडप. शेजारच्या फर्ग्युसन रस्त्यावर उडप्याच्या हॉटेलांपुढे नाव लिहून रांगेत उभं राहण्याची तयारी ठेवावी. जंगली महाराज आणि फर्ग्युसन हे दोन्ही रस्ते एकेरी आहेत. एकाने जायचं, दुसऱ्याने यायचं. चौक चुकला की मोठा फेरा. पुण्यात गाडी चालवण्याचा पहिला धडा इथेच मिळतो.

सोमवार

लक्ष्मी रस्त्यावरची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, तेव्हा पेठा आज नकोत. आजचा दिवस मेट्रोचा.

दोन मार्ग आहेत. एक पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून स्वारगेटपर्यंत, सुमारे १७ किलोमीटर. दुसरा वनाजपासून रामवाडीपर्यंत, सुमारे १६. दोन्हींची गाठ जिल्हा न्यायालय स्थानकात पडते. स्वारगेटचा मार्ग तिथे जमिनीखाली ३३ मीटरवर आहे, वनाजचा वर पुलावर. गाडी बदलायला नुसत्या सरकत्या जिन्यांवर पाच-सात मिनिटं जातात, ती हिशेबात धरावीत. रविवारी मोकळ्या गाडीत बसून मत बनवू नये. सोमवारी सकाळी साडेआठला वनाजहून निघावं.

वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी म्हणजे कोथरूड. जुन्या सोसायट्या, झाडी, चालत जाता येईल अशी भाजी, पोळी-भाजी केंद्रं, दवाखाने. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींना लिफ्ट नसते आणि एका चारचाकीपलीकडे पार्किंगही नसतं. चौथ्या मजल्यावरचं घर स्वस्त मिळालं तर कारण हेच. नळस्टॉपला उतरलं की एरंडवणे आणि प्रभात रस्ता; शांत, सावलीचा आणि महाग. पुढे गाडी नदीकाठाने जाते, तेव्हा उजव्या हाताच्या खिडकीतून पेठा दिसतात.

कल्याणीनगरला उतरून आगाखान पॅलेस बघावा. १८९२ सालची ही वास्तू. ‘छोडो भारत’ आंदोलनात ऑगस्ट १९४२ पासून मे १९४४ पर्यंत गांधीजी इथे कैदेत होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच गेले, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. मेट्रो खरं तर नगर रस्त्यावरून सरळ जायची होती. या राष्ट्रीय स्मारकाला बाधा नको म्हणून ती कल्याणीनगरातून वळवली गेली, म्हणून राजवाड्यापर्यंत थोडं चालावं लागतं.

रामवाडीनंतर मेट्रो संपते आणि खराडी तिथून चार-पाच किलोमीटर पुढे आहे. ऑफिस खराडीत असेल तर विमाननगर, वडगाव शेरी आणि खुद्द खराडी संध्याकाळी सहानंतर पायी बघावी. हडपसर-मगरपट्ट्याकडून येणाऱ्यांना मुंढव्याच्या पुलाचा प्रश्न असतो, वाघोलीकडून येणाऱ्यांना नगर रस्त्याचा. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण हद्द वाढली म्हणून त्या दिवशी नळाला पाणी येत नसतं. तिथली घरं स्वस्त आहेत ती याच दोन कारणांनी.

परतताना स्वारगेट-पिंपरी मार्गही शेवटपर्यंत करावा. पिंपरी-चिंचवडचे रस्ते रुंद, भाडी तुलनेने कमी, पण नोव्हेंबर २०१९ पासून तिथे दिवसाआड पाणी आहे. टाकी मोठी असेल तर बिघडत नाही, नसेल तर रोज बादल्या मोजाव्या लागतात.

मेट्रोजवळचं घर घ्यायचं तर ‘स्टेशनपासून दोन किलोमीटर’ या जाहिरातीला अर्थ नाही. दहा मिनिटं चालण्यापलीकडे स्टेशन असेल तर पावसाळ्यात माणूस दुचाकीच काढतो, आणि एकदा दुचाकी काढली की ती सरळ ऑफिसलाच जाते.

मंगळवार

हिंजवडी, म्हणजे फेज एक, दोन, तीन अशा टप्प्यांत वसलेला आयटी पार्क. आयटीवाल्यांची ऑफिसात हजेरी मंगळवार ते गुरुवार जास्त असते, त्यामुळे सोमवारी किंवा शुक्रवारी केलेली चाचणी खोटी ठरते.

सकाळी सव्वाआठला शिवाजीनगरहून माण फेज तीनची पीएमपी बस धरावी. हातात वही ठेवावी आणि तीन ठिकाणी घड्याळ लिहावं : विद्यापीठ चौक, वाकडचा पूल, हिंजवडीचा शिवाजी चौक. संध्याकाळी साडेसहाला उलट्या दिशेने हेच करावं. औंध, बाणेर आणि पाषाण हे तिन्ही रस्ते गणेशखिंडीत विद्यापीठापाशी एकत्र येतात, त्यामुळे पश्चिमेचा सगळा लोंढा एकाच नरसाळ्यातून जातो. मेट्रोसाठी २०२० मध्ये तिथला जुना उड्डाणपूल पाडला, तेव्हापासून या चौकाला पुणेकर शिव्या देत आले आहेत. हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रो याच रस्त्यावरून आहे. ती प्रत्यक्ष धावू लागेपर्यंत घर निवडताना तिला शून्य किंमत द्यावी. एजंट मात्र ती भाड्यात आधीच धरतात.

आता खरा मुद्दा : हायवेच्या अलीकडे की पलीकडे? मुंबई-बंगळूर महामार्ग पुण्याच्या पश्चिमेला भिंतीसारखा उभा आहे. वाकड, बालेवाडी आणि बाणेर मुख्यतः शहराच्या बाजूला, हिंजवडी आणि म्हाळुंगे पलीकडे. ओलांडायला मोजके पूल आणि ठेंगणे भुयारी मार्ग आहेत, आणि जोराचा पाऊस झाला की भुयारी मार्गात पाणी साचतं. नकाशावरचे चार किलोमीटर पाऊण तास खातात ते इथे. वाकडहून पुलावरून शिवाजी चौकात, भूमकर चौकातून लक्ष्मी चौकाकडे, किंवा बाणेर-बालेवाडीहून म्हाळुंगेमार्गे माणला असे तीन रस्ते आहेत. ऑफिस फेज तीनला असेल तर म्हाळुंगेची वाट बघावी, फेज एकला असेल तर वाकड. फेज एक आणि तीन यांत पाच-सहा किलोमीटरचं अंतर आहे. नोकरीच्या पत्रात नुसतं ‘हिंजवडी’ लिहिलेलं असतं, तेव्हा आधी फेज विचारून घ्यावा.

दुपारच्या रिकाम्या वेळात बाणेरच्या टेकडीवर तुकाईच्या देवळापर्यंत जाऊन यावं. वरून हा सगळा पश्चिम भाग एका नजरेत येतो : कुठे इमारती दाटल्यात, कुठे रस्ता अर्धवट सुटलाय, कोणत्या सोसायटीच्या फाटकाशी टँकर उभा आहे. औंध जुनं आणि बसलेलं गाव, बाणेर-बालेवाडी खाण्यापिण्याचं नवं केंद्र. शनिवारी रात्री बालेवाडीत पार्किंग शोधणं हा स्वतंत्र उद्योग आहे.

बुधवार

कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. लेकराबाळांना घेऊन आलात तर ते दुसऱ्या दिवशी. बुधवार पेठांचा.

मेट्रोने मंडई स्थानकावर उतरावं. गाडी आणू नये. बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडून दक्षिणेला एकेरी, शिवाजी रस्ता स्वारगेटकडून उत्तरेला एकेरी, आणि मधल्या बोळांत दुचाकी लावायलाही जागा नसते. महात्मा फुले मंडईची दगडी अष्टकोनी वास्तू १८८६ सालची आहे. सकाळी नऊपर्यंत भाजी ताजी आणि भाव सैल. शेजारी तुळशीबाग. नव्या घराची निम्मी खरेदी इथे होते : पोळपाट, लाटणं, तवा, सांडशी, किसणी, डबे, देवघरातलं सामान. एकाच दुकानात सगळं घेऊ नये, तीन दुकानं विचारावीत. ‘शेवटचा भाव’ पहिल्याच वाक्यात मिळत नाही. बादल्या, पिंप, दोऱ्या, झाडू, कागदी-प्लास्टिकच्या वस्तू घाऊक भावात हव्या असतील तर रविवार पेठेत बोहरी आळी. तांब्याचं पातेलं किंवा बंब हवा असेल तर कसब्यातली तांबट आळी, तिथे ठोक्यांच्या आवाजावरूनच रस्ता सापडतो. पुस्तकांना अप्पा बळवंत चौक. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेजवळ जुना बाजार भरतो. जुनी हत्यारं, कुलपं, मिक्सरची भांडी मिळतात, पण विजेवर चालणारी वस्तू तिथून घेऊ नये, लावून बघायची सोय नसते.

दुपारी दुकानं मिटतात, हा विनोद आता पूर्वीइतका खरा नाही. पण लहान दुकानदार एक ते चार अजून झोपतात. तो वेळ शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घालवावा. एका माणसाने जमवलेले दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं तिथे आहेत. निवांत बघायला दोन तास लागतात. शनिवारवाडा आतून बघण्यासारखा फार उरलेला नाही. १८२८ च्या आगीत वाडा जळाला, तटबंदी, दरवाजे आणि जोती शिल्लक आहेत. दिल्ली दरवाजा आणि वरचा नगारखाना मात्र बघावा.

पेठेत राहायचं का? एकट्या विद्यार्थ्याला सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत ‘कॉट बेसिस’वर जागा मिळते : एका खोलीत तीन-चार कॉट, एक कपाट, सामाईक संडास-बाथरूम. खाली मेस, शेजारी अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेवाल्यांचं सगळं जग या चार गल्ल्यांत मावतं. कुटुंबाने यावं की नाही हे गणेशोत्सवावर ठरवावं. दहा दिवस संध्याकाळी रस्ते बंद असतात, आणि विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून जास्त चालल्याची उदाहरणं आहेत. ज्याला हे आवडतं त्याला पेठेसारखी जागा नाही. ज्याला झोप प्रिय आहे त्याने नदी ओलांडावी. सामान हलवायची तारीख ठरवतानाही पंचांग बघावं : पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात ते दोन दिवस, त्यांच्या येण्या-जाण्याचे दिवस आणि अनंत चतुर्दशी सोडून टेम्पो ठरवावा.

गुरुवार

आज घरं बघायची. एजंट म्हणेल शनिवारी या, निवांत बघू. गुरुवारच मागावा. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की महापालिका बहुतेक वेळा गुरुवार निवडते. वर्तमानपत्रात चौकट येते, ‘शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल’. महावितरणची दुरुस्तीची बत्ती गुलही बरेचदा गुरुवारचीच. सोसायटीचं खरं रूप या दिवशी दिसतं : लिफ्ट जनरेटरवर चालते का, जिन्यात दिवा आहे का, आणि तिसऱ्या प्रहरी वरच्या मजल्यावरच्या नळाला धार आहे का.

पाण्याची चौकशी मालकाकडे करू नये, वॉचमनकडे करावी. विचारायचं एवढंच : एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात? हिशेब सोपा आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हा नेहमीचा मापदंड. ७२ फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे रोज सुमारे ३९ हजार लिटर. महापालिकेचं पाणी अजिबात नसेल तर १० हजार लिटरचे चार टँकर. वॉचमन दोन म्हणाला तर निम्मं पाणी नळाचं किंवा बोअरचं आहे. सात म्हणाला तर कुठेतरी गळती आहे. टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की दर महिन्याला वेगळे काढतात, हे सेक्रेटरीला विचारावं. भाडं दोन हजारांनी कमी आणि टँकरची वर्गणी वेगळी असली तर फायदा कुठे राहिला?

बोअरचं पाणी ओळखायला चाचणी लागत नाही. बाथरूमच्या नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांत पांढरा थर दिसला की पाणी जड. गिझरची कॉइल आणि वॉशिंग मशिन दोन्ही लवकर जातात.

घरात शिरल्यावर आधी पश्चिमेची आणि नैऋत्येची भिंत बघावी. पाऊस तिकडूनच झोडपतो. नवा रंग फक्त त्याच भिंतीला असेल तर ओल लपवली आहे असं धरून चालावं. कपाट उघडून वास घ्यावा. ड्राय बाल्कनीत मशिनसाठी नळ, निचरा आणि विजेचं बटण ही तिन्ही हवीत. एक हमखास राहिलेलं असतं. सगळे नळ एकदम सोडून फ्लश ओढावा. मोबाईलची रेंज आतल्या खोलीत तपासावी. विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक टिपून थकबाकी आहे का ते बघावं, पाइप गॅस असेल तर मीटरचा आकडा फोटोत घ्यावा. पार्किंग म्हणजे नक्की कोणती जागा, तिथे उभं राहून दाखवायला सांगावं. ओला आणि सुका कचरा वेगळा न दिल्यास कचरावेचक तो उचलत नाहीत, म्हणून दोन डबे ठेवायला जागा कुठे तेही बघून घ्यावं.

शुक्रवार

कागदपत्रं. महाराष्ट्रात भाड्याचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तसं सांगतं. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी नको’ हा समज चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि ती न केल्यास वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, हे मालकाला हळूच सांगून ठेवावं.

मुद्रांक शुल्क काढायची रीत अशी : सगळ्या महिन्यांचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, आणि या बेरजेच्या ०.२५ टक्के. भाडं २५ हजार, मुदत ११ महिने, डिपॉझिट एक लाख असेल तर २,७५,००० अधिक ९,१६७, म्हणजे २,८४,१६७. त्याचे पाव टक्के सुमारे ७१० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकीचे पैसे एजंट ‘घरी येऊन अंगठा घेण्याचे’ लावतो, ते आधी ठरवावेत. करारात चार ओळी नीट वाचाव्यात : लॉक-इन (घर सोडता न येण्याचा काळ) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार का, आणि मेंटेनन्स कोणाकडे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे गेली का, त्याची प्रत मागून घ्यावी.

मसुदा वाचून झाला की कॅम्पात जावं; अंगठे शनिवारच्या फेरीनंतरच. दुपारी नको, ईस्ट स्ट्रीटवरची श्रुजबेरी बिस्किटांची जुनी बेकरी दुपारी बंद होते, आणि पुन्हा उघडल्यावरही माल संपेपर्यंतच.

शनिवार

पहाटे सिंहगड. पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते. आतकरवाडीतून पायवाटेने सवयीचा माणूस तासाभरात वर पोचतो, नवखा दीड तासात. सहाला चढायला लागावं. दहानंतर पावसाळ्यात घाटाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग डोणज्यापर्यंत येते. तानाजी मालुसऱ्यांची समाधी, कल्याण दरवाजा, देवटाक्याचं गार पाणी, मग पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही.

उतरताना खडकवासल्याच्या भिंतीपाशी थांबावं, कारण घराच्या निर्णयाचा उरलेला भाग इथे आहे. धरण भरलं की मुठेत पाणी सोडतात, आणि पुणेकर पावसाळाभर क्युसेकचे आकडे क्रिकेटच्या धावांसारखे सांगत असतात. आधी डेक्कनचा भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बुडतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्याच्या आठवणी पेठांत अजून आहेत. नुसती नदीच नाही, ओढेही बघायचे : २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून अरण्येश्वर, सहकारनगरपर्यंत नुकसान केलं. निवडलेलं घर ओढ्याकाठी किंवा नदीकाठी असेल तर तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारावं, पाणी कुठवर आलं होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो. त्या हाताच्या खाली मीटरचे बोर्ड असतील तर दुसरं घर बघावं.

रात्री नऊला, न सांगता, निवडलेल्या सोसायटीत एक चक्कर मारावी. सगळ्या गाड्या परतलेल्या असतात, दाखवलेल्या पार्किंगमध्ये कोणाची गाडी लागलीय ते कळतं. तिथे दुसऱ्याचीच गाडी दिसली तर टोकनचे पैसे देण्याआधी जागेचा नंबर करारात लिहून घ्यावा.